विहिरीला ‘अहो’ म्हणणाऱ्या बाई

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या डोक्याचा वास घेतला. पनवेलच्या आमच्या लॅबच्या आवारात, ड्रायव्हर आणि वॉचमन बघत असताना, टाचा उंचावून.

“खोबरेल,” त्या म्हणाल्या. “आणि शर्टावर काहीतरी फवारलंय. घरी जा, नुसत्या पाण्याने अंघोळ करून या. तोवर आम्ही थांबतो.”

मी तिशी ओलांडलेला, रसायनाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेला केमिस्ट. घरी जाऊन डोकं धुऊन परत आलो, तर बाई जीपमध्ये बसून शांतपणे पेरू खात होत्या. मला बघून म्हणाल्या, “राग येऊ देऊ नका. पाण्यात कणभर भेसळ शोधायला निघालोय आपण. त्यात तुमचं तेल पडलं, तर चोर म्हणून तुम्हीच सापडाल.”

मग त्यांनी पेरू खाल्लेले हात तीनदा धुतले, आणि आम्ही निघालो.

काम साधं होतं, म्हणजे कागदावर तरी. दिघीच्या खाडीपासून थोडं आत, डोंगरमाथ्याच्या सपाट, कातळी सड्यावर एक बॉक्साइटची खाण होती. दगड डंपरमधून खाली जायचा आणि उरलेली माती, खडी, धुऊन काढलेला चिखल, सगळं जुन्या खड्ड्यात टाकलं जायचं. त्या ढिगाला लागून एक तळं केलं होतं, ढिगावरून वाहणारं पाणी तिथं थांबावं आणि गाळ खाली बसावा म्हणून. ह्या सगळ्याच्या खालच्या अंगाला जमिनीतलं पाणी बिघडत नाही ना, हे दर काही महिन्यांनी बाहेरच्या लॅबने तपासायचं, असा नियम. ते काम आमच्याकडे आलं होतं. बाई सरकारी नोकरीत भूजलाचंच काम करून निवृत्त झालेल्या. लॅबने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. ‘सल्लागार’ हा शब्द कुणी उच्चारला की त्या मागे वळून बघायच्या, जणू दुसरंच कुणीतरी आलंय.

दिसायलाही त्या सल्लागार नव्हत्याच. सुती साडी, ती घोट्याच्या वर खोचलेली. पायात रबरी गमबूट. अंगात पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट. आणि डोक्यावर काशीदच्या किनाऱ्यावर घेतलेली एक रुंद टोपी, जिच्यावर मोठ्या गुलाबी अक्षरांत ‘गोवा’ लिहिलेलं. “रायगडात गोव्याची टोपी?” असं मी एकदा विचारलं. “सावली पडतेय ना?” एवढंच उत्तर.

जीपमध्ये पुढची सीट बर्फाच्या पेटीची. बाटल्या त्या पेटीत असायच्या, आणि पेटीला सीटबेल्ट लावलेला. बाई मागे, माझ्या शेजारी. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जाताना मात्र त्या खाली उतरायच्या, कठड्याला टेकून उभ्या राहायच्या आणि भसाड्या आवाजात गाणी म्हणायच्या. सूर त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. एकदा बोटीवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, “बाय, बरं न्हाय काय वाटत?” बाई इतक्या हसल्या की टोपी खाडीत जाता जाता वाचली.

बाईंना ‘तू’ म्हणता येत नसे. लहान पोरालाही त्या ‘अहो’ म्हणत. वाटेत म्हैस आडवी आली तर, “अहो, जरा बाजूला होता का?” विहिरीत बादली सोडताना दोर अडकला की विहिरीला, “अहो, लाजू नका, सोडा.” लोक मागून हसायचे. मला वाटायचं, ही नुसती लकब.

एकदा एका गावाच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून डबा खाताना त्यांनी सहज सांगितलं. महाडकडच्या त्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, घर बौद्ध. “माझ्या आजीला गावात शेंबडं पोरसुद्धा ‘ए’ म्हणून हाक मारायचं. आणि विहिरीला तर शिवायचंच नाही. वरून कुणी ओतलं तर ओतलं. धर्मांतर झाल्यावर वडिलांनी घरात नियमच केला, ह्या घरात कुणी कुणाला ‘तू’ म्हणायचं नाही. आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा ‘अहो, तुम्ही माझी पेन्सिल चोरलीत’ असं.” त्या खो खो हसल्या. मग बादलीकडे बघून म्हणाल्या, “आणि आता बघा, जिल्ह्यातली कुठलीही विहीर मी सरकारी हुकुमाने वाकून बघते. आजी असती तर टोपीला नावं ठेवली असती, पण खूश झाली असती.”

त्यानंतर बाई म्हशीला ‘अहो’ म्हणाल्या तरी मला हसू आलं नाही. फार तर थोडंसं.

कामातले शब्द त्यांनी आपले आपण पाडले होते. आम्ही लॅबमधून अगदी शुद्ध पाण्याची एक बाटली भरून नेतो. ती सगळीकडे फिरवायची, परत आणायची आणि तीही तपासायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं, दोष विहिरीचा नाही, आपल्याच हाताळणीचा. ह्या बाटलीला बाई ‘जावई’ म्हणत. “काम काही करत नाही, सगळीकडे मिरवतो, थंडाव्यात बसतो. पण त्याला डाग लागला की सगळ्या घराची अब्रू जाते.” जीप निघताना रोज एकच प्रश्न, “जावईबापू बसले का?”

बोअरचं पाणी घेण्याआधी त्या कितीतरी वेळ पंप चालू ठेवायच्या. पाइपात साचलेलं शिळं पाणी निघून, जमिनीतलं ताजं येईपर्यंत मीटरवरचे आकडे हलत राहतात. ते थांबले की मगच बाटली भरायची. खाणीतले लोक कंटाळायचे. एकदा तिथला सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, पाणी पाणीच आहे, भरा की.” बाई म्हणाल्या, “पाहुण्यांना दार उघडल्या उघडल्या जे बोलणं होतं, ते खरं नसतं हो. जरा बसू द्या, मग बोलतील.”

खाणीच्या ढिगाखाली, उताराच्या तोंडाशी, एक छोटी वाडी होती. वाडीची विहीर दर पावसाळ्यात तांबडी व्हायची. त्या रंगाने वाडीला आसपासच्या गावांत नावच पडलं होतं, ‘लाल पाण्याची वाडी’. तिथं मुली द्यायला लोक कचरत. वाडीतल्या भागीरथी आजींच्या नातवाचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलेलं. खाणीने तिथं टँकर सुरू केला होता आणि तपासणीच्या बोअरही त्याच अंगाला पाडल्या होत्या. त्या बोअरचा अहवाल दर वेळी तोच, माती आहे, बाकी काही नाही.

सड्याच्या दुसऱ्या अंगाला, खाली समुद्राकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव. तिथं नानांचं होमस्टे. नानांच्या विहिरीचं पाणी काचेसारखं. “आमच्याकडं मिनरल लागत न्हाय,” ते पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे. वादळात त्यांची पोफळीची वाडी आडवी झाली, तेव्हा त्यांनी डंपर घेतले आणि खाणीवर लावले. आम्ही मुक्कामाला तिथंच असायचो. खाणीचे मॅनेजरसाहेबही सुट्टीला तिथंच यायचे. मासळी उत्तम, माणसं प्रेमळ.

असं सगळं सुरळीत चालू असताना बाईंना तळ्याचा नाद लागला.

पाऊस उघडला की त्या सड्यावर त्या तळ्याच्या काठी जाऊन बसायच्या. पाण्यात एक खुणेची काठी रोवलेली होती, तिच्याकडे बघत. पेरू खात. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “केमिस्टसाहेब, हे तळं कुणीतरी पितंय.”

“ऊन आहे, आटत असेल.”

“उन्हाने एवढं आटत नाही. आणि सांडव्यावरून थेंब गेलेला नाही. मग पाणी जातं कुठं?” त्यांनी गमबुटाने खालच्या जांभ्या दगडावर ठोकलं. “हा दगड आतून पोकळ असतो हो. उंदराने बिळं करावीत तशा नळ्या असतात. वरचा उतार कुठल्याही दिशेला असू दे, नळी आपल्या मनाने जाते. आपण ज्या दारात उभे आहोत, चोर त्या दारातून जातच नसेल तर?”

मॅनेजरसाहेबांना त्यांनी सांगितलं, तळ्यात रंग सोडून बघू. साहेब वाईट माणूस नव्हता. पण त्याला खात्री होती की काही निघणार नाही, म्हणूनच त्याने परवानगी दिली. रंग तो नेहमीचाच, डोळ्यांचे डॉक्टर डोळा तपासायला घालतात तो. पूड केशरी, पाण्यात पडली की पोपटी हिरवी. बाईंनी चारही बाजूंच्या गावांत दवंडी दिली, ग्रामपंचायतींना कळवलं, कुणाच्या विहिरीत हिरवं दिसलं तर घाबरू नका, आम्हाला फोन करा. नानांनाही सांगितलं.

नाना हसले. “बाई, डोंगराच्या ह्या अंगाला कसं येल? पानी काय घाट चढून येतंय?”

“न येवो,” बाई म्हणाल्या.

रंग सोडला. आम्ही लाल पाण्याच्या वाडीत ठाण मांडून बसलो. बोअर बघ, विहीर बघ, ओहोळ बघ. काही नाही. भागीरथी आजी रोज चहा द्यायच्या आणि विचारायच्या, “झालं का वो हिरवं?” त्यांना बहुतेक तो रंग हवाच होता. म्हणजे निदान आपल्या नशिबाचं कारण तरी कळलं असतं. मॅनेजरसाहेब फोनवर मोकळं हसायला लागले होते.

आणि मग एका शनिवारी सकाळी नानांचा फोन. मी स्पीकरवर घेतला. आधी काही कळेचना, मागून कुणीतरी ओरडत होतं, एक लहान मूल आनंदाने किंचाळत होतं. नंतर नानांचा आवाज, “बाईऽऽ! पुण्याचं पाव्हनं न्हाणीतून टॉवेलवर बाहेर आलंय! बादली हिरवी! नळ हिरवा! त्यांची पोरगी म्हनते अजून सोडा, अजून सोडा!”

बाई टुणकन उठल्या. गमबुटांसकट चक्क उडी मारली त्यांनी. “सापडलं!” म्हणाल्या. मग एकदम थांबल्या आणि खाली बसल्या.

“मला आनंद झाला बघा,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांच्या घरात ते पाणी सगळे पितात. आणि मला आनंद झाला.”

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. विहिरीत ऊन उतरलं होतं आणि सगळं पाणी पाचूसारखं चमकत होतं. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं. नाना पुढे आले, डोळे लाल.

“तुमी माझी विहीर नासवली.”

“रंग दोन-चार दिवसांत जाईल, नाना. रंगाने काही होत नाही,” बाई म्हणाल्या. “पण ज्या वाटेने रंग आला, त्याच वाटेने बाकीचंही येत असणार. ते मला बघू द्या.”

बाटल्या भरल्या, पनवेलला नेल्या, तपासल्या. वाईटात वाईट नव्हतं. मर्यादेच्या आतच होतं सगळं, पण काठाला टेकलेलं. आणि त्यात नुसती माती नव्हती. थोडं तेल होतं, थोडं शिसं. खाणीच्या वर्कशॉपचं जुनं तेल आणि फुटक्या बॅटऱ्या कुणीतरी त्याच ढिगात लोटत होतं, हे मग शोधल्यावर कळलं. साहेबांनाही ते तेव्हाच कळलं, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

निकाल घेऊन आम्ही नानांकडे गेलो. पाहुणे कुणी नव्हते. नाना ओटीवर बसलेले, शेजारी त्यांची छोटी नात फरशीवर खडूने रेघोट्या मारत होती. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, कुठलाही शब्द मोठा न करता.

नानांनी नातीकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, हे रिपोर्टात नका घालू. सीझन तोंडावर हाय. आनि खान बंद पडली तर डंपर कुठं नेऊ? वादळात वाडी झोपली तवा ह्याच डंपरांनी घर उभं केलं.”

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या आणि दारात उभ्या नानांच्या पत्नीकडे वळल्या. “वहिनी, जेवायला आहे का काही?”

वहिनींनी ताटं केली. भात, आमटी, सुक्या बोंबलाची चटणी. बाई आवडीने जेवल्या, चटणी मागून घेतली, नातीशी ‘अहो, तुमचा हत्ती छान आलाय’ म्हणून गप्पा मारल्या. रिपोर्टाचं नाव नाही. मग त्यांना ठसका लागला.

“पाणी,” त्या म्हणाल्या.

नाना स्वतः उठून आत गेले आणि आले ते बाजारातली सीलबंद बाटली घेऊन. झाकण फोडून त्यांनी बाईंच्या पेल्यात ओतलं. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी पेला उचलला आणि त्या पाणी प्यायल्या. नानांचं स्वतःच्या हातातल्या बाटलीकडे लक्ष गेलं आणि त्यांनी ती हळूच जमिनीवर ठेवली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

“नातीला परवापास्नं हेच देतोय,” नाना म्हणाले.

“बरं करताय,” बाई म्हणाल्या. “नाना, रिपोर्ट मी लिहिणारच. तो तुमच्यावर नाही, पाण्यावर आहे. पण तो साहेबांच्या टेबलावरून मुंबईला जाणार, तिथून सह्या होऊन परत येणार. कागदाला वेळ लागतो. तुमच्या घराला तेवढा वेळ आहे का, ते तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या फाटकात नानांचा डंपर आडवा उभा होता. त्याच्या मागे नानांच्या भावकीतले, गाववाले, सगळ्यांचे डंपर. ज्या माणसांची रोजीरोटी त्या फाटकातून चालायची, त्यांनीच ते फाटक अडवलं. साहेबांनी बाईंना फोन केला, “मॅडम, तुम्ही येऊन समजवा ना ह्यांना.”

“मी पाण्याची बाई आहे हो,” बाई म्हणाल्या. “डंपरमधलं मला काही कळत नाही. तुम्ही एकदा ती विहीर मात्र बघून या.”

साहेब खरंच गेले. तोवर रंग फिका झाला होता, तरी कळत होता. कठड्यावर हात ठेवून ते कितीतरी वेळ आत बघत राहिले. “मी दर रविवारी ह्याच पाण्याची कॉफी पितो,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी वरच्यांशी भांडण मांडलं, तेही माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदाच. वर्कशॉपचा कचरा उकरून बाहेर गेला. तळं उपसलं, तळाशी चिकणमाती दाबली, वर जाड प्लास्टिक अंथरलं. नानांच्या अंगाला नवी बोअर पाडली. तोवर टँकर नानांच्या गावात. खाण चालू राहिली, डंपरही.

लाल पाण्याच्या वाडीत बाईंनी निकाल स्वतः वाचला. समाजमंदिराच्या ओट्यावर उभ्या राहून. “तुमचं पाणी लाल आहे. वाईट नाही. तो मातीचा रंग आहे. वाळूच्या गाळणीतून काढा, निवळेल. गाळणी खाण बांधून देणार आहे, तसं मी लिहून घेतलंय.”

भागीरथी आजी पुढेच बसल्या होत्या. “म्हंजी इतकी वर्सं आमी उगाच तोंड लपवलं?”

“उगाच,” बाई म्हणाल्या.

आजींनी कपाळावर हात मारला आणि मग अशा हसायला लागल्या की सगळी सभाच हसायला लागली. नातवाचं लग्न त्याच माघात झालं, मुलगी नानांच्या गावची. आम्हाला आमंत्रण होतं. बाई लग्नात गमबूट घालून आल्या, सवय म्हणून.

नानांची विहीर मात्र लगेच सुधारली नाही. जमिनीत मुरलेलं हळूहळूच निघतं. लॅबचं कंत्राट मध्येच दुसऱ्या कुणाला गेलं, बाईंचं सल्लागारपण संपलं. तरी त्या यायच्या. एसटीने, मग बोटीने, मग नानांच्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी रजा काढून मीटर आणि बाटल्या घेऊन पोचायचो. मागच्या खेपेच्या निकालातला आकडा कधी थोडा उतरलेला असायचा, कधी पुन्हा चढलेला. बाई तो वहीत लिहून घ्यायच्या. नाना आमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

पुढच्या वर्षीचा पाऊस सरला. दिवाळीनंतरच्या एका लख्ख सकाळी पनवेलहून मीच निकाल घेऊन गेलो. फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नानांच्या अंगणात बाई, नाना, वहिनी आणि नात उभे. मी कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला, पुन्हा वाचला. शिसं नाही. तेल नाही. नाना म्हणाले, “काय ते सांगा की वो!” बाई कागद नानांना देऊन वाडीतून सरळ समुद्राच्या दिशेने चालायला लागल्या.

आम्ही मागे पळालो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो तर बाई वाळूवर गमबूट काढत होत्या. टोपी वाळूत ठेवली आणि साडीसकट, शर्टासकट पाण्यात शिरल्या. गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत. एक लाट आली आणि बाई तिच्यात दिसेनाशा झाल्या. वहिनी ओरडल्या. मी बूट काढायला लागलो. तेवढ्यात लाट ओसरली आणि बाई उभ्या दिसल्या, केस मोकळे सुटलेले, तोंडात पाणी गेलेलं, खोकत आणि हसत.

“अहो, या ना!” त्यांनी आम्हाला हात केला. “सगळे या!”

नानांनी माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे. जन्म समुद्राकाठी गेलेला तो माणूस, किती वर्षांत पाण्यात शिरला नसेल. त्याने लेंगा वर खोचला, नातीला खांद्यावर घेतलं, आणि आम्ही सगळे आत गेलो.